दिली, पण घेतली कुणी?

"पाय तुझा होता."

"पण ब्रेक तू बसवला होतास."

हे भांडण मी वरच्या गॅलरीतून ऐकलं, चादरी वाळत घालताना. खाली आमच्या ह्यांचं गॅरेज होतं. गॅरेजसमोर एक मालाची व्हॅन शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीत तोंड खुपसून उभी होती, आणि तिच्या दोन बाजूंना दोन सख्खे भाऊ. व्हॅनचे ब्रेक आमच्या ह्यांनी दुरुस्त केले होते. चालवायला बसला होता धाकटा, म्हणजे माझा दीर.

"ब्रेक झालेत असं तू म्हणालास, दादा."

"मी म्हणालो, जरा फिरवून बघ. झालेत असं कधी म्हणालो?"

"मग किल्ली कशाला दिलीस?"

"तू हात पुढे केलास म्हणून."

शेजारी गृहस्थ मधे उभे होते. माणूस शांत. ते म्हणाले, "तुमचं सावकाश चालू द्या. फक्त संध्याकाळपर्यंत एक नाव सांगा, म्हणजे कुणावर चिडायचं ते मला कळेल."

सासूबाई तेवढ्यात बाहेर आल्या. त्यांचा न्याय कायम एकच असायचा. "दोघं मिळून बांधा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग दोघं भिंत बांधायला लागले, पण अबोला धरून. हे खालून वीट द्यायचे, भाऊजी वरून घ्यायचे. आता न बोलता वीट कशी देता येईल? देणाऱ्याला वाटलं घेतली, घेणाऱ्याला वाटलं अजून त्याच्याच हातात आहे. वीट सरळ आमच्या ह्यांच्या अंगठ्यावर. नख काळं पडलं. पुढची वीट देताना हे भिंतीकडे बघत गुरगुरले, "दिली." वरून आवाज आला, "घेतली." बस. भिंत पुरी होईपर्यंत दोघं एवढंच बोलत होते. आमच्या ह्यांचं बोलणं पुढे मोकळं झालं, पण भाऊजींच्या तोंडात ते दोन शब्द कायमचे बसले. ह्या दोन शब्दांनीच त्यांना शेवटी कोर्टात नेलं, म्हणून भिंतीपासून सुरुवात केली.

माझे हे दीर अंगानं ताडमाड. दारातून येताना मान वाकवावी लागायची. आणि टोपणनाव काय, तर मुंगी. भाड्यानं गाड्या देणाऱ्या एका कंपनीत ते ड्रायव्हर होते. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, हा मुंगीसारखा चालवतो, वेग नाही पण थांबतही नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तर मुंगीची गाडी नको म्हणायचं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, नुकतंच ऑपरेशन झालेली माणसं मात्र अडून बसायची की मुंगीच हवा.

त्या कंपनीत एका गाडीवर दोन ड्रायव्हर असायचे, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. गाडीला ओरखडा निघाला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायचे. भाऊजींनी तिथे आपली विटांची पद्धत नेली. पाळी संपली की उतरणाऱ्यानं किल्ली पुढे धरून म्हणायचं, "दिली." चढणाऱ्यानं गाडीभोवती एक फेरी मारायची, टायरला हात लावायचा, काच बघायची, आणि मगच म्हणायचं, "घेतली." ते म्हटल्यावर गाडीचं जे काही होईल ते त्याचं. म्हणेपर्यंत आधीच्याचं. सुरुवातीला सगळे हसले, मग सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. मालकीणबाई वडिलांच्या मागे धंदा बघत होत्या. त्या म्हणायच्या, ह्या दोन शब्दांनी माझी निम्मी भांडणं मिटवली.

लग्न त्यांनी केलं नाही. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "वहिनी, घेतली म्हणायची छाती होत नाही." आमच्याकडेच राहायचे, जिन्याखालच्या खोलीत. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून माणसाला धक्का म्हणून लागला नव्हता. ह्या एका गोष्टीचा त्यांना ताठा होता. बाकी कशाचाच नाही. शर्टाच्या खिशात लायसन ठेवायचे ते पाकिटात नाही, वेगळं, प्लास्टिकच्या कव्हरात, जसं कुणी पोराचा फोटो ठेवावा.

आणि मग त्या नव्या गाड्या आल्या.

गाडी स्वतःच रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषांच्या मधून चालायची. पुढच्या गाडीपासून आपलं आपण अंतर ठेवायची. शोरूममधून एक मुलगी सगळ्या ड्रायव्हरांना शिकवायला आली होती. भाऊजींनी घरी येऊन तिची नक्कल केली होती. "काका, ही तुमची मदतनीस. ड्रायव्हर तुम्हीच. हात चाकावर, डोळे रस्त्यावर." भाऊजींनी तिला विचारलं, "पोरी, हात माझे, डोळे माझे, मग ती करते काय?" ती म्हणाली, "तुमचा ताण कमी करते." आणि तिच्या पाठीमागे भिंतीवर जाहिरातीचं मोठं चित्र, त्यात एक माणूस चाकामागे बसून दोन्ही हात डोक्यामागे घेऊन हसतोय.

सुरुवातीला भाऊजींनी ते बटण दाबलंच नाही. म्हणायचे, "हातातलं चाक आपोआप हललं की अंगावर काटा येतो, वहिनी. लहानपणी मास्तर आपला हात धरून अक्षर गिरवून घ्यायचे तसं वाटतं." पण मालकीणबाईंनी सांगितलं की गिऱ्हाइकांना आवडतं, विमा कंपनीलाही आवडतं, वापरा. मग वापरायला लागले. बटण दाबलं की गाडी 'टिंग' करायची. आणि इथेच आमच्या माणसाचं चुकलं. अशी चूक दुसऱ्या कुणा ड्रायव्हरच्या हातून झालीच नसती. बटण दाबताना ते सवयीनं म्हणायचे, "दिली." गाडी म्हणायची, टिंग. त्यांच्या कानाला ते 'घेतली'सारखं वाटायचं. परत चाक हातात घेताना ब्रेकवर पाय ठेवून म्हणायचे, "घेतली."

मी एकदा त्यांच्या गाडीत बसले होते, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाताना. ते "दिली" म्हणाले ते ऐकलं. म्हटलं, "भाऊजी, कुणाशी बोलताय?"

"हिच्याशी."

"तिला कळतं?"

"टिंग म्हणाली ना."

मी हसले. तेही हसले. त्या वेळी हसण्यासारखंच होतं.

अपघात झाला तो दुपारी, गावाबाहेरच्या रुंद रस्त्यावर. मागे एक दातांचे डॉक्टर बसले होते आणि झोपले होते. भाऊजींनी बटण दाबलेलं होतं, "दिली" म्हणून झालं होतं. त्या रस्त्यावर नव्यानं पट्टे मारायचं काम चालू होतं. रस्ता थोडा सरकवायचा होता, म्हणून जुनी रेषा खरवडून नवी बाजूला मारत होते. पण जुनी नीट खरवडली गेली नव्हती. नवी अजून अर्धीच होती. दोन रेषा एका जागी फाटत होत्या, आणि जुनी जिथे जात होती तिथे चारपाच शंकूंच्या आड एक रंगारी गुडघे टेकून जमिनीवर बाण रंगवत होता.

गाडी जुन्या रेषेनं गेली. तिनं टिंग टिंग केलं. भाऊजींनी ब्रेक दाबला, पण उशिरा. शंकू उडाले, रंगाचं मशीन उलटलं आणि रंगाऱ्याच्या पायावर पडलं. पांढऱ्या रंगाचा फवारा गाडीच्या काचेवर. भाऊजी सांगत होते की समोर काही दिसेना म्हणून मी वायपर लावला, आणि वायपरनं तो रंग सगळ्या काचेवर सारवला. मग ते आतच बसून राहिले. डॉक्टर मागून विचारत होते, आलं का?

रंगाऱ्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला.

त्या दिवसापासून आमच्या घराचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. भाऊजींचं लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं, निकाल लागेपर्यंत. खिसा रिकामा. त्यांचा हात सारखा त्या खिशाकडे जायचा आणि परत यायचा. खुर्चीत बसले की उजवा पाय फरशीवर दाबायचे. बसमध्ये उभे राहायचे, ड्रायव्हरच्या मागे, आणि पुढची गाडी थांबली की ह्यांचाही पाय दाबला जायचा. एकदा बसच्या ड्रायव्हरनंच सांगितलं, "काका, तुम्ही तिकीट काढलंय, मी पगार घेतो. एकानंच चालवू." घरात जेवताना मधेच उठायचे, दाराशी जायचे, परत यायचे. मीही उठायचे, गॅस बंद केलाय का बघायला, आणि तिथे गेल्यावर कशाला आले ते विसरायचे.

केसमध्ये जो तो काखा वर करत होता. गाडी बनवणारी कंपनी म्हणत होती, आमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, ही फक्त मदत आहे, लक्ष ड्रायव्हरनं ठेवायचं. मालकीणबाईंचे विमावाले म्हणत होते, दोष यंत्राचा आहे, त्यांनी भरावं. रस्त्याचा ठेकेदार म्हणत होता, मी शंकू ठेवले होते, आता गाडीला शंकू दिसत नसतील तर मी काय करू. आणि ह्या सगळ्यात रंगाऱ्याच्या पायाचं घोंगडं भिजत पडलेलं. कुणी द्यायचं ते ठरेना, म्हणून कुणीच देईना. पहिल्या तारखेला तो कुबड्यांवर आला होता. न्यायाधीशांनी त्याला काही सांगायचंय का विचारलं, तर म्हणाला, "साहेब, पाय कुणी मोडला ते सावकाश ठरवा. मी बसतो. उभं राहायला जमत नाही."

मी चार बुकं शिकलेली बाई, मला कायदा काय कळणार? पण दूध कळतं. गॅसवर दूध ठेवून मी कुणाला म्हटलं, "दुधाकडे बघ गं," आणि मी बाहेर गेले, आणि दूध उतू गेलं, तर कुणाचं चुकलं? माझी सून म्हणते, जिला सांगितलं तिचं. मी म्हणते, तिच्याकडून 'हो' ऐकल्याशिवाय मी गेले असेन तर माझं. आणि जिनं नुसतं 'हं' केलं आणि फोनमध्ये बघत बसली, तिचं काय? ते 'हं' म्हणजे हो की नाही? आमच्या घरात ह्यावर एकदा तीन दिवस धुसफूस चालली होती. आणि ते तर फक्त दूध होतं.

भाऊजींच्या बाजूनं मालकीणबाईंनी एक वकीलबाई दिल्या होत्या. हुशार बाई, पण कायम घाईत, बोलताना एक डोळा घड्याळावर. त्या आमच्या घरी आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"एक गोष्ट नीट समजून घ्या," त्या म्हणाल्या. "गाडीतला कॅमेरा रस्त्याकडे होता. तुमच्याकडे नव्हता. तुमचे डोळे त्या वेळी कुठे होते, ते तुम्ही सांगाल तेच. रस्त्यावर होते म्हणालात, तर दोष यंत्राकडे जाईल आणि तुमचं लायसन बहुतेक परत मिळेल. रस्त्यावर नव्हते म्हणालात, तर लायसन गेलं. ह्या वयात परत मिळणार नाही."

भाऊजी म्हणाले, "पण ते नव्हते."

"कुठे होते?"

ते लाजल्यासारखे म्हणाले, "आरशात. ते डॉक्टर तोंड उघडं टाकून झोपले होते. दातांच्या डॉक्टरांचे स्वतःचे दात किडलेले असतात का, ते मी बघत होतो."

वकीलबाईंनी पहिल्यांदा घड्याळावरची नजर काढली. "हे तुम्ही कोर्टात सांगणार?"

"होते का?" मी विचारलं.

"काय?"

"किडलेले."

"दोन," भाऊजी म्हणाले.

वकीलबाई उठल्या. जाताना दारात त्या म्हणाल्या, "विचार करा. डोळे रस्त्यावर होते हे एक वाक्य आहे. त्याच्यावर तुमचं सगळं आहे." आणि हे खरंच होतं.

त्या गेल्यावर आमचे हे सुरू झाले. "सांग ना की रस्त्यावर होते. कोण बघायला आलं होतं?"

"मी होतो ना तिथे, दादा."

"तुझं लायसन जाईल. मग काय करशील? जिन्याखाली बसून माझं डोकं खाशील?"

"ते तर आत्ताही खातोय."

"अरे, यंत्रानं चुकीची रेष धरली हे खोटं आहे का?"

"नाही, ते खरंच आहे."

"मग?"

"मग माझंही खरं आहे ते मी का सोडू?" भाऊजी येरझारा घालत होते. खोली लहान, माणूस उंच, चार पावलांत वळायचे. "मला एवढंच कळत नाही. मी दिली. ती टिंग म्हणाली. नंतर तिनं टिंग टिंग केलं, म्हणजे परत देत होती. मी घेतली म्हणालो नव्हतो. मग त्या मधल्या वेळात गाडी कुणाकडे होती? कुणीतरी मला हे सांगा. लायसन न्या, पण हे सांगा."

आमचे हे म्हणाले, "ह्या वेळी ब्रेक माझा नव्हता बाबा, एवढं मी सांगू शकतो." आणि दोघं भाऊ हसले, पण ते हसणं काही टिकलं नाही. थोड्या वेळानं परत येरझारा ऐकू यायला लागल्या.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात गेले होते. बाकावर बसवत नव्हतं. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, रिकाम्या खिशाचा. कंपनीच्या वकिलांनी गाडीतलं आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. आधी इंजिनाची घरघर, मग डॉक्टरांचं घोरणं, आणि मग भाऊजींचा आवाज, "दिली." काय सांगू, इतका निश्चिंत आवाज. झोपलेलं मूल आपल्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यावं तसा. मग टिंग. मग पुष्कळ वेळ नुसती घरघर. मग टिंग टिंग. मग ते बाकीचं. 'घेतली' कुठेच नाही.

वकील म्हणाले, "दिली म्हणजे काय?"

"गाडी दिली."

"म्हणजे तुम्ही ठरवून लक्ष काढून घेतलं?"

"तसं ठरवून नाही. आमच्यात पद्धत आहे. दिली म्हटलं की पुढचा घेतली म्हणतो."

"पुढचा कोण?"

"तेच मी विचारतोय, साहेब."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी स्वतःच विचारलं, "तुमचे डोळे त्या वेळी कुठे होते?"

वकीलबाई भाऊजींकडे बघत होत्या. मी माझ्या पदराचं टोक इतकं पिळलं की नंतर ते सरळ होईना. भाऊजींचा हात खिशाकडे गेला, खिसा चाचपला, आणि खाली आला.

"आरशात होते," ते म्हणाले. "मागचे साहेब झोपले होते, त्यांचे दात बघत होतो. गाडी दिली होती म्हणून बघत होतो. दिली नसती तर बघितलं नसतं."

वकीलबाईंनी डोळे मिटले. कंपनीचे वकील खाली बसले, खूश होऊन. पण आमच्या बाई उठल्या त्या मात्र जोरात उठल्या. त्यांनी ते हात डोक्यामागे घेतलेल्या माणसाचं चित्र सगळ्यांना दाखवलं आणि कंपनीच्या माणसाला विचारलं, "ह्याचे डोळे कुठे आहेत?"

तो म्हणाला, "ती जाहिरात आहे."

"मग आमच्या माणसानं पुस्तक मानायचं की जाहिरात?"

त्यानं उत्तर दिलं, पण ते कुणाला नीट समजलं नाही. बहुतेक त्यालाही.

निकाल लागायला वेळ लागला. न्यायाधीशांनी दोष वाटून दिला, सासूबाईंनी भिंत वाटून दिली होती तसा, पण सारखा नाही. मोठा वाटा ड्रायव्हरचा. त्यांनी म्हटलं, यंत्राला गाडी सोपवता येत नाही, कारण जबाबदारी घेणारा माणूस असावा लागतो. मग काही वाटा कंपनीचा, कारण यंत्रानं घेतली असं माणसाला वाटावं अशा तऱ्हेनं ते विकलं. आणि काही ठेकेदाराचा, जुनी रेषा राहिली म्हणून. ड्रायव्हरच्या वाट्याचं मालकीणबाईंच्या विमावाल्यांनी भरायचं होतं. रंगाऱ्याच्या पायाचं दुसरं ऑपरेशन रखडलं होतं, ते त्यानंतर झालं. भाऊजींचं लायसन रद्द झालं.

बाहेर पायऱ्यांवर मी म्हटलं, "भाऊजी, सुटलं एकदाचं."

ते म्हणाले, "सुटलं कुठे? ते म्हणाले देता येत नाही. मग मी दिलीच नाही. मग माझ्याचकडे होती. पण माझ्याकडे नव्हती, वहिनी. मला माहीत आहे ना."

मालकीणबाईंनी त्यांना गाड्या धुण्याचं काम देऊ केलं. ते दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उभ्या गाड्या मला बघवत नाहीत." मग दिवसभर पायी भटकायचे. पायाला भिंगरी लागल्यासारखे. कुठे जाऊन आलात विचारलं तर गल्ल्यांची नावं सांगायचे.

एक दिवस रंगाऱ्याच्या घरी गेले. मला नंतर कळलं. त्यानं दार उघडलं, बघितलं आणि म्हणाला, "या, ड्रायव्हर साहेब. आता काय, दुसरा पाय हवाय?"

"माफी मागायला आलो."

"ती कोर्टात मागून झाली. आता काय राहिलं?"

"झोप येत नाही."

"तुम्हाला झोप येत नाही म्हणून मी जागू?" रंगारी म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

भाऊजी पुढच्या आठवड्यात परत गेले. त्या दिवशी रंगाऱ्याला पायाच्या व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं आणि बसच्या पायरीवर चढता येत नव्हतं. त्याची बायको बारीक चणीची. ती एकटी त्याला चढवू शकत नव्हती. ती भाऊजींना म्हणाली, "भाऊ, आलाच आहात तर एक बाजू धरा." त्यांनी धरली. मग ते दर आठवड्याला जायला लागले. बायको घरी राहायची, तिला शिवणकामाचे कपडे पुरे करायचे असायचे.

दोघांचं बसमध्ये फारसं बोलणं व्हायचं नाही. एकदा मात्र भाऊजींनी त्याला तोच प्रश्न विचारला. मधल्या वेळात गाडी कुणाकडे होती? रंगारी खिडकीतून रस्त्यावरचे पट्टे बघत होता. त्यानं मान न वळवताच सांगितलं, "कुणाकडेच नव्हती. म्हणून तर माझ्या पायावर आली."

भाऊजींनी घरी येऊन हे मला जसंच्या तसं सांगितलं. मग चहा मागितला आणि बसून प्यायले. उठले नाहीत. त्या घटनेनंतर मी त्यांना बसून चहा पिताना पहिल्यांदाच बघितलं. अगदी शांत झाले असं म्हणणार नाही. रात्री येरझारा असायच्याच. पण कुणाची वस्तू कुणाला पोचवायची असली की 'घेतली' ऐकल्याशिवाय हात काढायचे नाहीत. भाजीवाली पिशवी धरून ओढायची आणि हे सोडायचे नाहीत. मी तिला खूण करायचे, म्हण बाई, घेतली म्हण, म्हणजे सुटशील.

ते गेले झोपेत, सकाळी उठलेच नाहीत. आदल्या दिवशी काही वेगळं झालं नव्हतं. मी नंतर रंगाऱ्याला आणि त्याच्या बायकोला विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं.

भाऊजी नेहमीसारखे आले. इस्त्रीचा शर्ट होता. रंगाऱ्याला घेऊन दवाखान्यात गेले, व्यायाम होईपर्यंत बाहेर उभे राहिले, बाकावर बसले नाहीत. येताना बसला गर्दी होती, तर रंगाऱ्यासाठी एका कॉलेजच्या मुलाला उठवलं. वळणावर बस जोरात वळली तेव्हा ह्यांचा पाय फरशीवर दाबला गेला. रंगारी म्हणाला, "मुंगीराव, आता बसवाल्यालाही शिकवा." मग जिना. एक पायरी, थांबायचं, दुसरी पायरी. वरच्या मजल्यावर दार उघडं होतं, आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता.

दारातून आत येऊन भाऊजींनी रंगाऱ्याचा दंड धरून ठेवला आणि आत आवाज दिला, "दिला."

"मी काय गाडी आहे का?" रंगारी म्हणाला. हे तो दर वेळी म्हणायचा.

यंत्र चालूच होतं. ती शिवणीच्या शेवटाला होती. भाऊजी तसेच उभे राहिले, त्याचा दंड धरून. रंगारी म्हणाला, "अहो, सोडा आता, घरात आलोय मी." त्यांनी सोडला नाही. ती दोरा तोडून उठली, पुढे आली, नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"घेतला, भाऊ," ती म्हणाली.

मग भाऊजींनी हात काढला, मान वाकवून दारातून बाहेर पडले आणि जिना उतरायला लागले.